ताकदीच्या गोळ्या आणि माझा डावा कान

सुरुवातीला मला वाटायचं, आपल्या घरातली माणसं मुद्दाम हळू बोलायला लागलीत.

मी महानंदा. सोलापुरात राहते. घराच्या पडवीत कडक भाकऱ्या आणि शेंगाचटणी करून विकायचं माझं काम. मदतीला तीन-चार बायका येतात. आमचे मालक अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहेत, म्हणजे माग बिघडला की तो दुरुस्त करायचा. आमच्यात नवऱ्याला मालक म्हणतात, म्हणून इथेही तसंच लिहिते. मुलगी अक्षता कॉलेजात आहे.

कान एका दिवसात गेले असते तर बरं झालं असतं, निदान मला कळलं तरी असतं. माझे वर्षानुवर्षं थोडे थोडे जात राहिले. परातीवर वाकलेल्या बायका हसायच्या आणि मी बघितलं की गप्प व्हायच्या. अक्षता फोनवर बोलताना पाठ करून उभी राहायची. मालक आणि त्यांचा भाऊ ओट्यावर बसून बोलत असले आणि मी चहा घेऊन गेले की विषय संपायचा. मी विचारायची, "काय झालं?" उत्तर ठरलेलं, "काही नाही."

ज्याला ऐकू येत नाही त्याच्या कानावर सगळ्यात जास्त वेळा पडणारे शब्द हेच असावेत. चार माणसं अर्धा तास हसून हसून बोलतात आणि तुम्ही विचारलं की काही नाही. मग मनात येतंच ना, काही नाही तर एवढं हसता कशाला?

*

कानाची मशीनं दोनदा बदलून झाली होती. शेवटचं मशीन नुसता कालवा करायचं, शब्द एकही लागायचा नाही. एकदा पडवीत गॅसवर दूध ठेवलं होतं, त्याच्याच बाजूला कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या होत होत्या आणि मी पाठ करून भाकरी थापत बसले होते. अक्षता धावत आली म्हणून निभावलं. त्यानंतर तिनेच हट्ट धरून मला हॉस्पिटलात नेलं.

तिथे काचेच्या खोलीत बसवलं. कानांवर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं. काचेपलीकडे तपासणारी ताई बसली होती. थोडा वेळ बरं चाललं. मग तिचा हात नुसताच हलताना दिसायला लागला आणि मला काहीच येईना. मला आधी वाटलं, हिचं मशीनच बंद पडलंय. मग मी तिच्या हाताकडे बघून अंदाजाने बटण दाबायला लागले. तिने मान वर केली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं. परीक्षेत कॉपी करताना सापडल्यासारखं झालं मला. तिने खुर्ची फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून बसली.

निकाल असा की बारीक, टोकदार आवाज गेलेलेच होते. डाव्या कानात जाड आवाज थोडे उरले होते. मागाची धडधड, भाकरी थापल्याचा आवाज, मालकांचं बोलणं. बोलणं म्हणजे शब्द नव्हेत, नुसता घुमारा. उजव्या कानात तेवढंही नव्हतं.

अक्षताने माझ्या फोनवर एक सोय करून दिली होती. समोरचा बोलला की त्याचे शब्द पडद्यावर मराठीत उमटायचे. ताई सांगत होती, डाव्या कानाच्या आत कॉक्लिया नावाचा भाग असतो, त्यात तार घालायचं ऑपरेशन करावं लागेल, मग त्या तारेला जोडणाऱ्या कानामागच्या नव्या मशीनने ऐकू येईल. पडद्यावर आलं, "तुमच्या कोकिळेत तार घालावी लागेल." मी आणि अक्षता हसलो. त्या दिवशी हसायला आलेली ती एकच गोष्ट.

*

सर्जन मॅडमना भेटायला मालक आले. मॅडमच्या तोंडावर मास्क. हॉस्पिटलात सगळ्यांच्याच तोंडावर मास्क. मी माणसांचे ओठ वाचून जगणारी, मला तिथे नुसते डोळे दिसत होते आणि डोळ्यांवरून काही कळत नाही. फोनची बॅटरी संपली होती. मॅडम बराच वेळ बोलत होत्या. मालक मान हलवत होते. मध्येच दोघांनी माझ्याकडे पाहिलं आणि पुन्हा एकमेकांकडे.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "काय म्हणाल्या?"

"काही नाही. ऑपरेशन करू म्हणाल्या. ऐकू येईल."

"एवढ्यासाठी एवढा वेळ?"

"तेच की."

मालकांचं सगळं आयुष्य मागांच्या आवाजात गेलंय. तिथे गडी एकमेकांशी ओठ मोठे करून बोलतात, तशीच सवय त्यांना घरीही. त्यांचं बोलणं मी रस्त्यापलीकडून वाचू शकते. त्या दिवशी मात्र त्यांचे ओठ जेमतेम हलत होते आणि नजर गाडीच्या किल्लीवर होती. मला तिथेच कळलं, हा माणूस काहीतरी गिळतोय. काय गिळतोय ते कळेना.

घरी आल्यावर मी नाना विचार केले. ऑपरेशनात जीवाला धोका असेल. मेंदूत गाठ निघाली असेल. माझ्या मागे या लोकांनी काहीतरी ठरवून टाकलं असेल. अक्षताला विचारलं तर ती म्हणाली, "मम्मी, तू उगाच डोकं चालवू नको." तिनेही माझ्याकडे न बघता सांगितलं.

*

ऑपरेशनच्या आधी थोडे दिवस मालक सकाळी स्वतः ताटाशेजारी गोळ्या ठेवायला लागले. पाकिटातून काढून, नुसत्या वाटीत.

"कसल्या ह्या?"

"ताकदीच्या. ऑपरेशन हाय, अंगात ताकद पायजे की."

मी घेतल्या. पण तो शब्द डोक्यातून जाईना. ताकदीच्या गोळ्या.

माझी आई, आम्ही तिला अव्वा म्हणायचो, अक्कलकोटच्या पलीकडे शेतात राबणारी बाई. तिचे गुडघे धरले तेव्हा गावात एक माणूस मोटरसायकलवर यायचा आणि कागदाच्या पुड्या द्यायचा. ताकदीचं औषध. अव्वा दोन दिवसांत चालायला लागली. तोंड गोल झालं, गाल वर आले, गावातल्या बायका म्हणायच्या बाई सुधारली. वर्षानुवर्षं ती त्या पुड्या खात होती. मग एकदा अंगणात साधं पाय घसरून पडायचं निमित्त झालं आणि खुब्याचं हाड मोडलं. सोलापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं, पुड्यांत स्टेरॉइड होतं, हाडं आतून पोखरलीत, साखरही वाढलीय. अव्वा त्यानंतर उठलीच नाही. शेवटपर्यंत तिला वाटत होतं, त्या पुड्या मिळाल्या असत्या तर ती चालली असती.

कपडे धुवायला काढताना मालकांच्या शर्टाच्या खिशात ते पाकीट सापडलं. मागची बारीक अक्षरं फोनवर घालून बघितली. स्टेरॉइड.

मी ओल्या हातांनी पाकीट घेऊन स्वयंपाकघरात गेले. मालक जेवत होते, अक्षता वाढत होती.

"ह्या ताकदीच्या गोळ्या हायत व्हय?"

अक्षताने ताटाकडे बघितलं. म्हणजे हिलाही ठाऊक होतं.

मालकांनी घास खाली ठेवला. आता त्यांचे ओठ पहिल्यासारखे मोठे झाले. "अव्वाचं झालेलं म्हाईत हाय म्हनूनच न्हाय सांगितलं. सांगितलं असतं तर तू घेतल्या नसत्यास."

"मग न घ्यायचं मी ठरवायचं की तुमी?"

"डॉक्टरणीनंच दिल्यात. कानासाठी हायत."

"कानाला ताकद?"

मग अक्षताने फोन हातात घेतला आणि त्यात बोलली. पडद्यावर उमटलं, "तार घालताना तुझं उरलेलं ऐकू येणं पण जाऊ शकतं. ते जाऊ नये म्हणून गोळ्या आहेत."

मी ते तीनदा वाचलं. ऑपरेशनने ऐकू येणार एवढंच मला माहीत होतं. ऑपरेशनने जे आहे तेही जाऊ शकतं, हे त्या घरात मी सोडून सगळ्यांना माहीत होतं.

"माझा आवाज तुला येतो," मालक म्हणाले. "मशीन काढलं तरी तेवढा तरी ऱ्हावा, असं वाटलं."

आता लिहिताना ते वाक्य गोड वाटतं. तेव्हा मात्र मी म्हणाले, "तुमचा आवाज ऐकायला मी हवी, पण मला सांगायला तुमचा आवाज निघाला न्हाय." आणि उरलेल्या गोळ्या कपाटात टाकून कुलूप लावलं.

*

दुसऱ्या दिवशी ते पाकीट घेऊन, कुणाला न सांगता रिक्षा करून मी एकटी हॉस्पिटलात गेले. ऐकू न येणाऱ्या बाईने एकटं कुठे जायचं म्हणजे सोपं नसतं. रिक्षावाला काही विचारतो आणि आपण भलतंच उत्तर देतो. केसपेपरच्या खिडकीवर नाव पुकारतात आणि आपण तसेच बसून राहतो. मी खिडकीला खेटून उभीच राहिले.

आत गेल्यावर आधी मॅडमना म्हणाले, "मास्क खाली घ्या. मला तोंड बघून बोलायचंय."

त्यांनी घेतला. माझ्या वयाच्याच बाई निघाल्या, वरच्या ओठाला जुनी खूण असलेल्या. मी पाकीट टेबलावर ठेवलं आणि अव्वाची सगळी हकीकत सांगितली. मग विचारलं, "हे तेच औषध हाय का?"

मला खात्री होती की त्या नाही म्हणतील. त्या म्हणाल्या, "त्याच जातीचं आहे. खोटं सांगणार नाही."

मी फोन पुढे सरकवला आणि त्या सावकाश बोलत राहिल्या. तार आत सरकवली की नाजूक जागेला इजा होते, सूज येते. त्या सुजेत उरलेलं ऐकू येणं मरू शकतं. स्टेरॉइड सूज दाबतं. आधी थोडे दिवस गोळ्या, ऑपरेशनच्या वेळी शिरेतून आणि आतल्या कानाच्या तोंडाशी थेंब, नंतर गोळ्या कमी करत बंद. अव्वाला ते न सांगता दिलं गेलं आणि तिने ते न मोजता, वर्षानुवर्षं खाल्लं. इथे दिवस थोडे, मोजून आणि रक्त तपासत.

"म्हणजे माझं वाचंल?"

"सांगता येत नाही. काहींचं वाचतं. काहींचं थोडं जातं. काहींचं सगळं जातं. काहींचं आधी वाचतं आणि काही महिन्यांनी जातं."

"आणि गोळ्या न्हाय घेतल्या तर?"

"तरी ऑपरेशन करेन. नव्या मशीनने ऐकू येणं याच्यावर अडलेलं नाही. उरलेलं वाचायची शक्यता कमी होईल, असं मला वाटतं. तुमची साखर आधीच काठावर आहे, या औषधाने ती चढेल. झोप उडेल, भूक लागेल. मन बिथरू शकतं, उगाच संशय येऊ शकतात."

"ते तर आत्ताच येतात."

त्या हसल्या. "मग त्या दिवसांत स्वतःच्या संशयावरही थोडा संशय ठेवा."

मी विचारलं, "हे सगळं तुमी मालकांना सांगितलंत. मला का न्हाय?"

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग म्हणाल्या, "तुमच्याशी बोलायला वेळ लागतो. त्यांच्याशी पटकन होतं. चुकलंच."

माझा त्यांच्यावर विश्वास बसला असेल तर तो त्या 'सांगता येत नाही'वर आणि या 'चुकलंच'वर. त्यांच्या भिंतीवरच्या प्रमाणपत्रांवर नाही.

बाहेर बाकावर बसून मी विचार केला. तार घातल्यावरचं ऐकू येणं मशीनवर चालणार. आंघोळ करताना मशीन नाही, झोपताना मशीन नाही. तेव्हा काहीच उरलं नाही तर? भाकरी थापली आणि आवाजच आला नाही तर? मला ते जाड, मातीसारखे आवाज हवे होते. मालकांसाठी नाही, माझ्यासाठी. मी परत आत गेले आणि सांगितलं, गोळ्या घेईन, पण पाकिटातून स्वतः काढून घेईन. आणि जे औषध अंगात जाईल ते आधी मला तोंड दाखवून सांगायचं. मॅडम म्हणाल्या, ऑपरेशनच्या खोलीत मास्क काढता येणार नाही, तिथलं सगळं आधी बाहेरच सांगेन. तसं त्यांनी सांगितलंही.

*

ऑपरेशनबद्दल मला काही ठाऊक नाही, मी झोपले होते. त्यानंतरचे दिवस मात्र नीट आठवतात. डावा कान पट्टीखाली, उजवा मुळातच गेलेला. आयुष्यात पहिल्यांदा पूर्ण शांतता. विहिरीत सोडल्यासारखं वाटत होतं. त्यात औषधाने तोंड लालभडक, भूक अशी की शेजारच्या पेशंटच्या डब्याकडे नजर जायची, आणि साखर वर चढलेली.

मॅडमनी बजावलेलं सगळं खरं झालं. मला वाटायला लागलं, माझी इंजेक्शनं बदलतायत. झाडायला येणारी मावशी माझ्या पिशवीत हात घालते. मालक आणि वॉर्डबॉय दाराशी उभे राहून माझ्याबद्दलच बोलतात. हा औषधाचा संशय की माझा नेहमीचा, मला वेगळं करता येईना.

एका सकाळी सिस्टर सुई घेऊन आली, तोंडावर मास्क. मी तिचं मनगट धरलं आणि सोडलंच नाही. ती लहान पोर होती, घाबरली असणार. पण तिने दुसऱ्या हाताने मास्क खाली ओढला आणि ओठ मोठे करून म्हणाली, "इन्सुलिन. साखर वाढलीय." बाटली माझ्या डोळ्यांसमोर धरली. मी नाव वाचलं आणि हात सोडला. त्यानंतर तिची पाळी असली की ती न विचारताच आधी बाटली दाखवायची, मग तोंड, मग सुई. तिचं नाव मला शेवटपर्यंत नीट वाचता आलं नाही. आजही देवापुढे बसले की तिची आठवण काढते.

मालक रोज ज्वारीची भाकरी आणि मेथी घेऊन यायचे. मी बोलत नव्हते. त्यांनी मात्र एक नवंच सुरू केलं, मला सगळं सांगायचं. "आता खाली चहाला जातो." "रिक्षावाल्याशी भांडलो." "तुज्या बायकांनी आज चटणी खारट केली, गिऱ्हाईक परत आलं." मी भिंतीकडे तोंड केलं तर फिरून त्या बाजूला यायचे आणि पुन्हा सांगायचे. चटणी खारट झाल्याचं कळल्यावर मात्र मला बोलावंच लागलं.

*

जखम भरल्यावर पुन्हा त्या काचेच्या खोलीत बसवलं. या वेळी मी डोळे मिटून घेतले, ताईच्या हाताकडे बघायचंच नाही असं ठरवून. किती तरी वेळ काही नाही. मी मनाशी म्हटलं, गेलं. आणि मग खोल कुठून तरी, जमिनीखालून आल्यासारखा, एक जाड आवाज आला. मी बटण दाबलं. पुन्हा आला, पुन्हा दाबलं. पहिल्यापेक्षा मंद होता, पण होता.

मग मशीन सुरू केलं. लोक रडतात, मिठ्या मारतात असं ऐकलं होतं. मला तर सगळ्यांचे आवाज पत्र्याच्या डब्यातून उंदीर बोलल्यासारखे आले. मालक काहीतरी म्हणाले, ते शिट्टी वाजल्यासारखं. मी म्हणाले, "मशीन फसवं हाय." ताई म्हणाली, मेंदूला शिकायला वेळ लागतो. ते खरं निघालं. हळूहळू शब्द लागले, मग कुकर, मग अक्षताचं फोनवरचं हसणं. पडवीतल्या बायकांचं बोलणं कळायला लागलं तेव्हा मी थोडे दिवस त्यांना सांगितलंच नाही. त्यातली एक माझ्या मोठ्या आवाजाची हुबेहूब नक्कल करते. म्हणजे इतकी वर्षं मी अगदीच वेडी नव्हते. नक्कल चांगली करते, मलाही हसू आलं, आणि तेव्हाच त्यांना कळलं.

नंतरच्या तपासणीत उरलेलं ऐकू येणं आणखी थोडं कमी झालंय. अजून आहे. स्टेरॉइडने वाचवलं का, असं विचारलं तर मॅडम म्हणतात, हातभार लागला असेल, शपथ घेऊन सांगणार नाही. गोळ्या घेतल्या नसत्या तर काय झालं असतं हे बघायला मला दुसरा डावा कान नाही. साखर खाली आली, पण पहिल्या जागी नाही आली. तीही किंमत धरायची. मालकांवरचा राग पूर्ण गेला असं लिहिलं तर ते खोटं होईल. गोळीचं कुठलंही पाकीट आजही मी उलटून वाचते, तापाचंसुद्धा.

*

मध्यंतरी तपासणीला गेले तेव्हा बाहेर बाकावर करकंबची एक बाई बसली होती, सोबत नवरा. तिचं हेच ऑपरेशन ठरलं होतं. माझ्या कानामागचं मशीन बघून ती माझ्याशी बोलायला आली. तिलाही जाड आवाज तेवढे ऐकू येत होते, म्हणून मी तोंडासमोर तोंड धरून, फोन मधे ठेवून बोलले.

मी विचारलं, "गोळ्या सुरू केल्या का?"

उत्तर नवऱ्याने दिलं. "केल्यात की. ताकदीच्या हायत."

मी तिच्याकडेच बघत राहिले. "तुमाला कुणी सांगितलं का, कशाच्या ते?"

तिने नवऱ्याकडे बघितलं. मग मान हलवली. न्हाय.

"अवो बाई, तिला कशाला घाबरवताय?" नवरा म्हणाला. "काय सांगायचं ते मला सांगा."

"ऑपरेशन तुमचं हाय का?"

मी तिला माझी सगळी हकीकत सांगितली. काय वाचलं ते, काय गेलं ते, साखरेचं, संशयाचं, सगळं. घ्या किंवा घेऊ नका असं काही म्हणाले नाही, तो माझा अधिकार नाही. एवढंच म्हणाले की आत जा, मॅडमना मास्क खाली घ्यायला सांगा आणि विचारा. तिने बराच वेळ माझा हात धरून ठेवला होता. तिचं नाव पुकारलं तेव्हा मी तिच्या खांद्याला हात लावून सांगितलं. नवरा तिच्याबरोबर उठला. तिने त्याला हाताने खाली बसवलं, पदर सारखा केला आणि एकटी आत गेली. दार लागलं.

तो बाकावर बसला. दाराकडे बघे, घड्याळाकडे बघे. शेवटी माझ्याकडे सरकून म्हणाला, "इतका वेळ आत काय बोलत्यात वो दोघी?"

मी म्हणाले, "भाईर आल्यावर सांगंल ती. सांगावंसं वाटलं तर."